बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ



पावसाळा सरत आला की शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. आपली मुले-मुली आधी तालुक्याला खेळतात, जिंकली तर जिल्ह्याला नांदेडला जातात, तिथून पुढे लातूर विभाग आणि मग राज्य. कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट हे आपल्या धर्माबादच्या घराघरांतले खेळ. बास्केटबॉलचे तसे नाही. दहा फूट उंचीवर लोखंडी कडे, त्याला जाळी आणि त्यात वरून चेंडू टाकायचा, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण या खेळाची एक गोष्ट इतरांहून वेगळी आहे. कबड्डी कोणी शोधून काढली, हे कोणालाच सांगता येत नाही. बास्केटबॉलची मात्र जन्मतारीख आहे, जन्मगाव आहे आणि जन्मदाताही आहे. हा जन्मदाता धर्मोपदेशक होण्यासाठी शिकलेला एक अनाथ मुलगा होता.

डॉ. जेम्स नेस्मिथ प्रेस्बिटेरियन पंथाचे होते, आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तरीही त्यांचे चरित्र आपल्या पत्रिकेत यायला हरकत नसावी. त्यांच्या खेळाच्या शालेय अजिंक्यपदाच्या इतिहासात कॅथलिक शाळांचाही एक अध्याय आहे, आणि तो आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही.

जेम्स यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आल्मॉण्ट गावाजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडहून तिथे येऊन स्थायिक झालेले. १८७० मध्ये विषमज्वराने दोघेही गेले. जेम्स तेव्हा नऊ वर्षांचे होते. थोरली बहीण अ‍ॅनी, जेम्स आणि धाकटा भाऊ अशी तीन लेकरे आधी आजीने आणि पुढे पीटर यंग या मामांनी सांभाळली. मामा कडक शिस्तीचे होते. शेतीची कामे, घोडे, लाकडे, बर्फातून ये-जा हे सर्व पोराने करायचे, आणि अडचण आली तर ती आपली आपण सोडवायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

गावातली मुले तेव्हा एक खेळ खेळत. मोठ्या खडकावर एक लहान दगड ठेवायचा, एकाने तो राखायचा आणि बाकीच्यांनी लांबून दगड मारून तो पाडायचा. आपल्या लगोरीची आठवण यावी असाच हा खेळ. दगड जोरात सरळ फेकला आणि नेम चुकला तर तो लांब जाऊन पडे आणि तो आणायला धावणारा सापडे. हलक्या हाताने वरून, कमानीसारखा टाकला तर काम होई. हे बारीकसे निरीक्षण जेम्सच्या डोक्यात वीस वर्षे पडून राहिले.

शाळा त्यांनी मध्येच सोडली आणि काही वर्षे जंगलात लाकूडतोडीचे काम केले. नंतर मन वळले. वयाने मोठे झालेले असूनही ते पुन्हा लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसले आणि १८८३ मध्ये हायस्कूल पूर्ण करून माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले. धर्मोपदेशक व्हायचे हे ठरलेले होते. पदवीनंतर त्यांनी तिथल्याच प्रेस्बिटेरियन कॉलेजात ईशज्ञानाचा अभ्यास केला. पण शरीर काटक आणि खेळाची ओढ जबर. फुटबॉल, लॅक्रॉस, जिम्नॅस्टिक्स, सगळ्यात ते पुढे. त्या काळी धार्मिक घरांत खेळाला सैतानाचा उद्योग मानत. भावी उपदेशकाने मैदानात धक्काबुक्की करावी हे सहाध्यायांना पसंत नव्हते. एकदा सामन्यात मार लागून दोन्ही डोळे काळेनिळे झालेले असताना हे महाशय उपासनेला व्यासपीठावर उभे राहिले! मंडळी काय म्हणाली असतील याची कल्पना केलेली बरी.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग मात्र फार साधा आहे. एका सामन्यात शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल गेला आणि त्याच्या तोंडून घाणेरडी शिवी निघाली. लगेच तो जेम्सकडे वळला आणि तू इथे आहेस हे विसरलो, असे म्हणून त्याने माफी मागितली. जेम्सने त्याला कधी उपदेश केला नव्हता, शिव्यांबद्दल कधी अवाक्षरही काढले नव्हते. नुसते शेजारी प्रामाणिकपणे खेळल्याने जर एवढे घडते, तर तरुणांपर्यंत पोहोचायला व्यासपीठाशिवाय दुसरीही वाट आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. १८९० मध्ये त्यांनी व्यासपीठाचा मार्ग सोडला आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात ते गेले.

अ‍ॅनीला हे कधीच पटले नाही. आईवडिलांच्या माघारी तिने या भावाला मोठे होताना पाहिले होते. पुढे खेळ जगभर गेला, भावाला मान मिळाला. पुष्कळ वर्षांनी त्यांनी तिला विचारले, की तू मला आता तरी माफ केलेस का? तिने मान हलवून नाही म्हटले. नांगराला हात घालून मागे वळणाऱ्याचा शुभवर्तमानातला दाखलाच तिने भावाला ऐकवला. घरातून मुलगा सेमिनरीत गेला आणि काही वर्षांनी परत आला, म्हणजे घरच्यांना काय वाटते हे आपल्यापैकी काही कुटुंबांना ठाऊक आहे. अ‍ॅनीचा राग समजण्यासारखा होता. भावाची बाजूही समजून घेतली पाहिजे.

स्प्रिंगफील्डला हिवाळा कडक असे. बाहेर बर्फ, त्यामुळे सगळा व्यायाम आत, तोच तो कवायतीचा. १८९१ च्या हिवाळ्यात तिथला एक वर्ग इतका कंटाळला होता, की आधीच्या शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. वर्गात पोरे नव्हती, चांगले वाढलेले अठरा पुरुष होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि चौदा दिवसांत आत खेळता येईल असा नवा खेळ शोधायला सांगितले. नेस्मिथ यांनी बाहेरचे खेळ आत आणून पाहिले. फुटबॉल आणला तर हातपाय मोडायची वेळ. लॅक्रॉस आणला तर काठ्या तोंडावर. तेरा दिवस असेच गेले.

मग त्यांनी शांतपणे विचार केला. मारामारी का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावे लागते म्हणून. तर मग चेंडू घेऊन पळायचेच नाही, हातात आला की उभ्या जागेवरून दुसऱ्याकडे द्यायचा. गोल उभा असला की जोरात फटका मारावासा वाटतो. तर मग गोल आडवा करायचा आणि तोही डोक्याच्या वर, म्हणजे चेंडू हळुवार वरून टाकावा लागेल. लहानपणीचा खडकावरचा दगड इथे कामी आला. असे तेरा नियम त्यांनी लिहून काढले. त्यांत खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे, मारणे सक्त मना होते. आज खेळातले डावपेच म्हणून जे शिकवतात त्याआधी हा खेळ दुसऱ्याला इजा न करता जिंकण्याचा होता, हे त्या नियमांवरून नजर फिरवली तरी कळते.

विद्यालयाची देखभाल करणाऱ्या माणसाकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या कोठीत पडल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठड्याची उंची नेमकी दहा फूट होती, आणि आज धर्माबादपासून जपानपर्यंत सगळीकडे कडे दहा फुटांवरच असते. २१ डिसेंबर १८९१ रोजी, नाताळच्या तोंडावर, नऊ-नऊ जणांचे दोन संघ करून पहिला सामना झाला. फुटबॉलचाच चेंडू घेतला होता. संपूर्ण सामन्यात एकच टोपली झाली. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे. टोपलीचे बूड काढून टाकायचे कित्येक दिवस कोणालाच सुचले नाही, ही मला या सगळ्या कथेतली सर्वांत माणसासारखी गोष्ट वाटते. खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे असे एका विद्यार्थ्याने सुचवले, ते त्यांनी हसून उडवून लावले. मग टोपली आणि चेंडू यांवरून बास्केटबॉल हे नाव पडले. या खेळाचे पेटंट त्यांनी कधी घेतले नाही.

जवळच्या शाळेतल्या काही शिक्षिका दुपारी हा खेळ बघायला येऊ लागल्या. आम्हालाही शिकवा असे त्यांनी म्हटले आणि नेस्मिथ यांनी शिकवले. १८९० च्या दशकात बायकांनी पळणे-उड्या मारणे अमेरिकेतही सभ्य मानत नसत, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. सुरुवातीला खेळलेल्या या स्त्रियांमध्ये मॉड शर्मन नावाची तरुणी होती. १८९४ मध्ये तिच्याशी नेस्मिथ यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली.

वाय.एम.सी.ए.चे विद्यार्थी शिक्षण संपवून देशोदेशी जात आणि खेळही बरोबर नेत. त्या पहिल्या अठरा जणांपैकी डंकन पॅटन हे १८९४ मध्ये भारतात आले. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि इथवर तो खेळ यायला पुष्कळ अवकाश होता. पुढे १९२० मध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण विद्यालय काढले. तिथे शिकलेले शिक्षक देशभरच्या शाळांत गेले. १९३४ मध्ये दिल्लीला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला आणि १९५४ मध्ये शालेय खेळांचा अखिल भारतीय महासंघ. आपली मुले आज जिल्ह्याहून विभागाला आणि विभागाहून राज्याला जातात, ती या उतरंडीतून.

नेस्मिथ यांच्याकडे वळू. डेन्व्हर शहरात नोकरी करता करता ते डॉक्टर झाले आणि १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात लॉरेन्स गावी आले. प्रार्थनामंदिराची जबाबदारी आणि व्यायाम विभाग अशी दोन्ही कामे एकाच माणसाकडे होती. संघाचे प्रशिक्षकही तेच. त्यांच्या संघाने पहिलाच सामना कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए.विरुद्ध ५-१६ असा गमावला. नऊ हंगामांत त्यांचा संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. त्या विद्यापीठाला आजवर जे प्रशिक्षक मिळाले त्यांत विजयांपेक्षा पराजय जास्त असलेला एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जन्मदाता! हे वाचून हसू येते. पण त्यांचा कल पाहिला तर नवल वाटत नाही. हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, असे त्यांना वाटे. सामना चालू असताना ते कधी पंचाचे काम करीत, कधी शांत बसून बघत. त्यांचाच विद्यार्थी फॉग अ‍ॅलन पुढे नावाजलेला प्रशिक्षक झाला आणि त्याने जिंकण्याचे शास्त्र केले. गुरूला ते फारसे रुचले नसावे, पण दोघांचा स्नेह टिकला. आयुष्यभर नेस्मिथ विद्यार्थ्यांच्या छातीची, नाडीची, उंची-वजनाची मोजमापे घेत राहिले आणि त्यांच्या अडीअडचणी ऐकत राहिले.

व्यासपीठही पुरते सुटले नाही. १९१६ मध्ये त्यांना प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक म्हणून दीक्षा मिळाली. मेक्सिकोच्या सीमेवर कॅन्ससच्या पलटणीबरोबर ते चॅप्लिन म्हणून गेले आणि पहिल्या महायुद्धात वाय.एम.सी.ए.तर्फे एकोणीस महिने फ्रान्समध्ये सैनिकांत राहिले. वय तेव्हा पंचावन्न उलटलेले होते.

आता शाळांच्या अजिंक्यपदाकडे येऊ. यात सगळ्यांत गाजलेला प्रांत म्हणजे इंडियाना. तिथे हा खेळ एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकानेच वाय.एम.सी.ए.मार्फत १८९० च्या दशकात आणला. शेतकऱ्यांची लहान लहान गावे, हिवाळ्यात शेतीला काम नाही, आणि फुटबॉलच्या संघाला लागतील एवढी मुले गावच्या शाळेत नाहीत. बास्केटबॉलला पाच पुरतात. गावोगाव टोपल्या लागल्या. १९११ मध्ये ब्लूमिंग्टन येथे पहिली राज्य शालेय स्पर्धा झाली. बारा संघ आले. अंतिम सामन्यात क्रॉफर्ड्सव्हिलने लेबनॉनला २४-१७ असे हरवले. दहा-पंधरा वर्षांत बाराचे शेकडो संघ झाले. या स्पर्धेचे वैशिष्ट्य असे, की लहान शाळा आणि मोठी शाळा असा भेद नव्हता. शंभर मुलांच्या खेड्यातल्या शाळेनेही त्याच चषकासाठी शहरातल्या हजार मुलांच्या शाळेशी खेळायचे. १९९७ पर्यंत हाच नियम राहिला.

१९२५ मध्ये नेस्मिथ यांनी इंडियानापोलिस येथे जाऊन या स्पर्धेचा शेवट पाहिला. फ्रँकफोर्टच्या शाळेने अजिंक्यपद मिळवले. पंधरा हजारांच्या आसपास माणसे शाळकरी पोरांचा खेळ बघायला लोटली होती. चौतीस वर्षांपूर्वी दोन टोपल्या ठोकणाऱ्या माणसाला त्या गर्दीत बसून काय वाटले असेल? खेळ जन्मला मॅसॅच्युसेट्समध्ये, पण त्याचे केंद्र इंडियाना आहे, असे ते पुढे सांगत.

पण त्या गर्दीपुढे खेळायला सगळ्यांना मुभा नव्हती. कृष्णवर्णीयांच्या शाळा आणि आपल्या कॅथलिक शाळा यांना त्या राज्य संघटनेचे दार बंद होते. तो काळ इंडियानात कू क्लक्स क्लॅन या द्वेषी संघटनेच्या भराचा. कृष्णवर्णीय, ज्यू आणि कॅथलिक हे तिघेही तिचे शत्रू, आणि १९२४ मध्ये तिच्या पाठिंब्यावर राज्यपालही निवडून आला होता. शाळांच्या संघटनेचे म्हणणे वरवर कायद्याचे होते: स्पर्धा सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक शाळांसाठी आहे, या शाळा तशा नाहीत. इंडियानापोलिसला १९२७ मध्ये क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल निघाले. शहरातल्या सर्व कृष्णवर्णीय मुलांना सक्तीने त्याच शाळेत घालण्यात आले, आणि नंतर त्यांनाच सांगण्यात आले की तुमची शाळा सर्वांना खुली नाही, सबब तुम्हाला स्पर्धेत घेता येत नाही. याला काय म्हणावे?

कॅथलिक शाळा रडत बसल्या नाहीत. इंडियानात त्यांनी आपली वेगळी राज्यस्पर्धा भरवली. शेजारच्या शिकागो शहरात येशूसंघीय फादरांच्या लोयोला विद्यापीठाने १९२४ ते १९४१ पर्यंत देशभरातल्या कॅथलिक हायस्कूलांची राष्ट्रीय स्पर्धा घेतली. त्याच शहरात बिशप शील यांनी १९३० मध्ये कॅथलिक युवक संघटना काढून धर्मग्रामाधर्मग्रामांतून बास्केटबॉलचे संघ उभे केले. मोठी कामगिरी होती ही. तरीसुद्धा, वेगळी पंगत कितीही चांगली वाढली तरी ती वेगळीच असते. शेजारच्या घरातला मुलगा आणि आपला मुलगा एका मैदानावर येऊ शकत नव्हते.

नेस्मिथ यांच्या स्वतःच्या विद्यापीठातही हेच चालले होते. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेन्डन नावाचा कृष्णवर्णीय तरुण शारीरिक शिक्षण शिकायला कॅन्ससला आला. त्याला प्रशिक्षक व्हायचे होते. तुला मार्गदर्शन करणारा माणूस म्हणजे डॉ. नेस्मिथ, असे वडिलांनी सांगितल्यामुळे तो थेट त्यांच्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि वडिलांनी पाठवले असे त्याने सांगितले. वडील सांगतात ते बरोबरच असते, असे उत्तर देऊन म्हाताऱ्याने त्याला आपल्या पंखाखाली घेतले. विद्यापीठाच्या संघात मात्र त्याला खेळता येत नव्हते, कारण तिथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. पदवीसाठी पोहणे यावे लागे, पण तलावावरही बंदी. मॅक्लेन्डनने एक दिवस उडी मारलीच. नंतर तलावातले सगळे पाणी काढून टाकण्यात आले. महाडच्या चवदार तळ्याची हकिकत आपण शाळेत शिकलो आहोत. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्यायल्यावर ते तळे शुद्ध करून घेणारे लोक तिथेही होते. हजारो मैलांवर, सात-आठ वर्षांच्या अंतराने, तोच प्रकार घडला.

नेस्मिथ यांनी विद्यापीठाचा तो नियम मोडून काढला असे म्हणता येणार नाही. त्यांचे हात तिथपर्यंत पोहोचले नाहीत, किंवा त्यांनी ते पुरेसे लांब केले नाहीत. पण या विद्यार्थ्याला त्यांनी एकटे सोडले नाही. तासनतास त्याच्याशी खेळाच्या गतीविषयी, शरीराच्या दमाविषयी बोलत बसले. १९३६ मध्ये मॅक्लेन्डन पदवी घेऊन बाहेर पडला.

त्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच पदकासाठी समावेश झाला. प्राध्यापकाच्या पगारात जर्मनीचा प्रवास परवडण्यासारखा नव्हता. तेव्हा अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी सामन्यांच्या तिकिटांतून थोडे थोडे पैसे गोळा करून त्यांना पाठवले. पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनी उडवला. अंतिम सामना १४ ऑगस्टला उघड्या मातीच्या मैदानावर धो धो पावसात झाला. चेंडू उसळेना, खेळाडू चिखलात. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. एक त्यांची कर्मभूमी, दुसरी जन्मभूमी. पदके देताना त्यांच्यासमोर दोन्ही देशांची पोरे भिजून उभी होती. हॉकीचा अंतिम सामना त्याच पावसाने एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या भारताने सुवर्णपदक जिंकले, हे जाता जाता.

१९३७ मध्ये मॉडबाई गेल्या. त्याच वर्षी नेस्मिथ निवृत्त झाले. पुढे १९३९ मध्ये त्यांनी पुन्हा विवाह केला, पण तो संसार काही महिन्यांचाच ठरला. मेंदूतील रक्तस्रावाने २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. खेळातून त्यांनी धन जमवले नाही. त्यांच्या हातचे ते दोन टंकलिखित कागद, तेरा नियमांचे, डिसेंबर २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला विकले गेले.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांत इंडियानातले दार उघडले. १९४२ पासून कॅथलिक आणि कृष्णवर्णीयांच्या शाळांना राज्य संघटनेत घेण्यात आले आणि आपल्या शाळा त्या जुन्या चषकासाठी खेळू लागल्या. १९५४ ची स्पर्धा अमेरिकेत आजही सांगतात. मायलन नावाचे हजारभर वस्तीचे गाव, शाळेत अवघी १६१ मुले. साडेसातशेच्या वर शाळांतून ते अंतिम सामन्याला पोहोचले आणि समोर दहापट मोठी मन्सी सेंट्रल. शेवटच्या डावात बॉबी प्लम्प हा मुलगा चेंडू हातात धरून चार मिनिटांहून अधिक वेळ नुसता उभा राहिला! शेवटच्या क्षणी त्याने चेंडू टाकला आणि मायलन ३२-३० असे जिंकले. वाटेत त्यांनी क्रिस्पस अ‍ॅटक्सलाही हरवले होते. त्या संघातला ऑस्कर रॉबर्टसन हा गरीब घरचा मुलगा तेव्हा अजून लहान होता.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, अ‍ॅटक्सने राज्याचे अजिंक्यपद मिळवले. अमेरिकेत सर्वांसाठी खुल्या राज्य स्पर्धेत फक्त कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेने जिंकण्याची ही पहिलीच वेळ. अंतिम सामन्यात हरलेली शाळाही कृष्णवर्णीयांचीच होती. विजयी संघाची मिरवणूक शहराच्या मध्यचौकापर्यंत नेऊन तिथेच आनंदोत्सव करायचा ही तिथली रीत. या मुलांना मात्र चौकात थांबू दिले नाही. तिथून वळवून त्यांना त्यांच्याच वस्तीतल्या बागेत नेले आणि तिथे शेकोटी पेटवायला सांगितले. ऑस्कर रॉबर्टसन पुढे जगातल्या श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला, पण ती रात्र तो विसरला नाही. १९५६ मध्ये अ‍ॅटक्सने एकही सामना न हरता पुन्हा चषक नेला.

आणि मॅक्लेन्डन? तो उत्तर कॅरोलायना राज्यात डरहॅम येथे कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात प्रशिक्षक झाला. तिथे गोऱ्या आणि काळ्या संघांनी एकमेकांशी खेळणे निषिद्ध होते. शेजारी गोऱ्यांच्या ड्यूक विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांचा एक जबरदस्त संघ होता. दोन्हीकडच्या मुलांनी गुपचूप ठरवले. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. गावातले सगळे लोक, पोलीससुद्धा, उपासनेला गेलेले असतील ही वेळ मुद्दाम निवडली होती. गोरी मुले आडवाटेने, डोक्यावरून कोट ओढून आली. व्यायामशाळेची दारे आतून लावून घेतली. प्रेक्षक नाहीत. मॅक्लेन्डनच्या मुलांनी ८८-४४ असा विजय मिळवला. मग थोडा दम खाऊन दोन्ही संघांनी खेळाडू आपसांत वाटून घेतले, गोरे-काळे मिसळून दोन नवे संघ केले आणि आणखी एक डाव खेळले.